एकशे सतराचा पत्ता

आमच्या केंद्रात काकूंना कोणी नावाने हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. मोठ्या डॉक्टरीणबाईंपासून जिना पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना पत्ताकाकू म्हणायचे, आणि फोन उचलला की त्या स्वतःही ‘हां, पत्ताकाकू बोलतेय’ असंच सांगायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे आडनावच असणार. मी अगदी अदबीने त्यांना ‘पत्ताबाई’ म्हणाले. त्या इतक्या हसल्या की पुढची चार वर्षं भेटेल त्याला हा किस्सा ऐकावा लागला.

काम माणसं शोधण्याचं. ज्या मुलांचं लक्ष कशात ठरत नाही, जी एका जागी बसत नाहीत, अशा दोनशे चाळीस मुलांचा अभ्यास डॉक्टरीणबाईंनी सुरू केला, तेव्हा ती मुलं सहा-सात वर्षांची होती. दर वर्षी प्रत्येकाला घरच्यांसकट एकदा बोलवायचं, घर कसं चाललंय ते विचारायचं, फॉर्म भरून घ्यायचे आणि मुलाची एक चाचणी घ्यायची. मुलं अठरा-एकोणीस वर्षांची होईपर्यंत हे चालणार होतं. घरात कोणाला बोलायचं असेल, आईला रडायचं असेल, बापाला ओरडायचं असेल, तर शेजारच्याच खोल्यांत कुटुंब सल्ला केंद्र होतं.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात माणसं घरं बदलतात, नंबर बदलतात, भांडून वेगळी होतात. आणि आमची मंडळी तर मुलखाची विसराळू. मुलगा तारीख विसरतो म्हणावं तर बापही विसरतो, आणि आईने ज्या कागदावर लिहून ठेवलेली असते तो कागदच सापडत नाही. त्यामुळे पत्ताकाकू. आधी त्या टपाल खात्यात होत्या, न पोचलेल्या पत्रांच्या विभागात. ‘तिथे पत्रं माणसांना शोधायची, इथे मी शोधते. फरक एवढाच की पत्राचे पाय दुखत नाहीत,’ असं म्हणायच्या.

त्यांच्या युक्त्या मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. शेजाऱ्यांना ‘ते कुठे गेले’ असं कधी विचारायचं नाही, लोक सावध होतात. ‘त्यांचं कपाट कोणी उतरवलं’ असं विचारायचं. कपाट जिन्यात अडकलेलं सगळ्यांना आठवतं, ते उतरवणारा हमाल आठवतो, आणि हमालाला ते कुठे नेलं ते आठवतं. संध्याकाळी सात वाजता जायचं, लोक घरी आलेले असतात आणि अजून वैतागलेले नसतात. दार उघडलं की आधी चपला काढायच्या नाहीत, आत बोलावल्यावरच काढायच्या. आणि कशाचा अभ्यास आहे ते दारात उभं राहून सांगायचं नाही. समोरच्या दाराला कान असतात, आणि मुलाला त्याच जिन्यावरून रोज शाळेत जायचं असतं.

घरी त्यांचे यजमान त्यांना चिडवायचे. निवृत्त मोटार मेकॅनिक, शांत माणूस. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, “मी हरवलो तर किती दिवसांत शोधून काढशील गं?”

“आधी कोचावर बघेन,” काकू म्हणाल्या. “तुम्ही तिथून उठलात तर हरवाल ना.”

आमच्या फॉर्मचा शेवटचा प्रश्न असा असतो: ‘तुम्ही कुठे आहात हे कायम कोणाला माहीत असेल?’ तिथे एका माणसाचं नाव आणि फोन लिहायचा, म्हणजे पुढच्या वर्षी हे घर बदलून गेले तरी धागा राहतो. साधा प्रश्न आहे, पण भल्याभल्यांचं पेन तिथे अडतं. काही जण बहिणीचं नाव लिहितात, खोडतात, वाण्याचं लिहितात. काकू म्हणायच्या, बाकी दहा पानं डॉक्टरांसाठी आहेत, हा एक प्रश्न आपला.

भेटीनंतर कार्डावर एक आकडा टाकायचा. एक म्हणजे भेट झाली. दोन म्हणजे पुन्हा जायचं. तीन म्हणजे सापडले नाहीत. चार म्हणजे नकार. तीनवाल्यांना दर वर्षी शोधता येतं. चार टाकला की विषय संपला. त्या घरी पुन्हा फोन नाही, पत्र नाही, त्या गल्लीतून चक्करसुद्धा नाही. नको म्हणणाऱ्याच्या मागे लागायचं नाही हा नियम पक्का आहे, आणि असायलाच हवा.

मी नवीन असताना एका बाईने ‘आत्ता नको हो’ म्हणून दार लावलं आणि मी चार टाकून मोकळी झाले. काकूंनी सगळ्यांसमोर माझं कार्ड हातात धरून विचारलं, “आत्ता नको आणि नको, यात तुला फरक कळत नाही? चार टाकायला एक सेकंद लागतो. काढायला जन्म पुरत नाही.” माझा चेहरा लाल झाला होता. तो पाणउतारा मी विसरले नव्हते, हे पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवते.

बाराव्या वर्षाच्या शेवटी आकडेवारीवाल्या साहेबांनी बैठक घेतली. त्यांना आम्ही मागून टक्केवारी म्हणायचो. भिंतीवर तक्ता होता. दोनशे चाळीसपैकी एकशे सत्त्याऐंशी जण शेवटच्या फेरीला आले. आलेल्यांपैकी दोनतृतीयांश मुलं चांगली चालली आहेत, शिकताहेत, कामाला लागली आहेत. साहेब खुशीत होते. “म्हणजे वाढत्या वयात हे आपोआप सावरतं,” ते म्हणाले. वरच्या मंडळींना हेच ऐकायचं होतं. सल्ला केंद्रात मोठ्या मुलांसाठी शुक्रवारची एक दुपार राखलेली असायची, ती बंद करून फक्त बारा वर्षांखालच्या मुलांना घ्यायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं.

मागच्या खुर्चीवरून काकूंनी हात वर केला. बैठकीत त्या कधी बोलायच्या नाहीत, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले.

“साहेब, जे त्रेपन्न आले नाहीत त्यांचं काय?”

“ते अनुपलब्ध धरलेत.”

“अनुपलब्ध नाहीत ते. मी ओळखते त्यांना,” काकू म्हणाल्या. “ज्यांना तारीख लक्षात राहते ते आले. ज्यांच्या घरी कोणीतरी आठवण करून देणारं आहे ते आले. तारीख लक्षात न राहणं हाच तर आजार आहे ना? मग आजार असलेल्यांना सोडून तुम्ही मोजलंत, आणि म्हणताय आजार बरा होतो.”

टक्केवारीसाहेब माणूस वाईट नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे.” डॉक्टरीणबाईंनी दहा आठवडे दिले. काकूंच्या निवृत्तीलाही बरोबर तेवढेच राहिले होते.

त्या संध्याकाळी आम्ही टेबलावर त्रेपन्न कार्डं मांडली. एक्केचाळीस तीनची, बारा चारची. चारची गठ्ठी बाजूला सारायला मी हात घातला, तर काकूंनी त्यातून एक कार्ड आधीच काढून घेतलं होतं. क्रमांक एकशे सतरा. आम्ही मुलांना नावाने नाही, क्रमांकाने ओळखतो.

“हा चार खोटा आहे,” त्या म्हणाल्या. “माझा आहे.”

मग त्यांनी सांगितलं. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एकशे सतरा तेव्हा दहा वर्षांचा होता. काकूंची त्या घरी पाचवी खेप. पाचवा मजला, लिफ्ट बंद, आणि तिसऱ्या मजल्यावर चपलेचा पट्टा तुटला. एक पाय अनवाणी ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या. बापाने दार उघडलं. “आमच्या घरात वेडं कोणी नाही,” तो म्हणाला. “पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही.” त्याच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात मुलाची आई उभी होती. तिने नवऱ्याच्या पाठीमागून हात वर केला आणि तळवा दाखवला. जरा थांबा, असा.

“मला दिसला तो हात,” काकू म्हणाल्या. “आणि कळलाही. मला कळला नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलेय, पण मला कळला होता. मला राग आला होता गं. पट्टा तुटलेला, पाय भाजत होते, आणि हा माणूस माझ्यावर खेकसतोय. जिन्यातच चार टाकला. दोन टाकायला हवा होता. आईला विचारलंच नव्हतं. मुलाला तर नाहीच.”

मला राग आला. खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी राग आला. मला चारचौघांत झापणाऱ्या ह्याच का, असं मनात आलं. मी म्हटलंही, “मग माझ्या त्या एका चारवरून एवढं कशाला बोललात?”

“म्हणूनच बोलले,” त्या म्हणाल्या आणि कार्ड पर्समध्ये ठेवायला निघाल्या. मग आठवलं, कार्डं बाहेर न्यायची नसतात. परत टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि लेखी दिलं. त्याचा पहिला परिणाम असा झाला की काकूंनी आजवर टाकलेले सगळे चार मला तपासायला लागले. काकूंच्या मागे त्यांच्याच चुका शोधत बसायची हौस मला नव्हती. बाकीचे अकरा बरोबर निघाले. काकू रोज विचारायच्या, “सापडली का आणखी एखादी?” मी नाही म्हटलं की त्यांना बरं वाटायचं की नाही, कळायचं नाही.

पुढची पायरी नैतिकता समिती. संशोधनात कोणावर अन्याय होत नाही ना हे बघणारी सात माणसं असतात. काकूंचं म्हणणं होतं की नकार बापाचा होता, मुलगा आता अठरा वर्षांचा झालाय, त्याचं त्याला विचारू द्या. समितीने दोन तास चर्चा केली. आतून एकदा कोणीतरी जोरात हसल्याचंही ऐकू आलं, बाहेर काकू पदराच्या टोकाची गुंडाळी करत बसल्या होत्या. निर्णय असा आला: पत्ता शोधायला हरकत नाही, पण त्याच्या दारात जायचं नाही, फोन करायचा नाही. एक पत्र पाठवायचं. एकच. उत्तर आलं नाही तर चार कायम.

एक पत्र, आणि तेही अशा मुलाला ज्याचं लक्ष दोन ओळींवर टिकायचं नाही. आणि महिन्याभरात काकू निवृत्त होणार.

पत्ता शोधायला आम्ही त्या जुन्या इमारतीत गेलो. लिफ्ट चालू होती, तरी काकू जिन्याने चढल्या. पाचव्या मजल्यावर एकशे सतराच्या घराचं दार दुसऱ्याच कोणाचं झालं होतं. काकूंनी समोरची बेल वाजवली. एका आजींनी दार उघडलं, काकूंकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “आलात होय? किती उशीर केलात!”

आजी आत गेल्या. ड्रॉवर उघडल्याचा, बंद केल्याचा, दुसरा उघडल्याचा आवाज आला. मग औषधांचा पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि तळातून एक घडी केलेली चिठ्ठी काढली. “ती जाताना देऊन गेली. म्हणाली, केंद्रातल्या बाई येतील, त्या नक्की येतात, त्यांना हे द्या. पोराला घेऊन गेली हो ती. नवरा नंतर गेला कुठे तरी.”

चिठ्ठीत एक पत्ता होता, खाली तारीख होती. काकूंनी चार टाकल्यानंतरचा चाळिसावा दिवस. दोन टाकला असता तर नियमाने त्या तिसाव्या दिवसापासून पुन्हा फेऱ्या मारायला लागल्या असत्या आणि ही चिठ्ठी त्यांच्या हातात पडली असती. ती आठ वर्षं डब्यात राहिली. आजींनी डबे बदलले, चिठ्ठी टाकली नाही.

काकू खाली उतरताना तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसल्या. मी पाण्याची बाटली दिली. त्या प्यायल्या नाहीत, नुसती धरून बसल्या. “तिने माझ्यावर विश्वास ठेवला बघ,” एवढंच म्हणाल्या. मी पण शेजारी बसले. माझा राग तिथेच गेला.

त्या पत्त्यावरून पुढे जायला काकूंना अकरा दिवस लागले. मावशीचं घर, मग एक भाड्याची खोली, मग आई परत बहिणीकडे गेलेली आणि मुलगा एका गोदामात कामाला लागलेला, तिथल्याच तीन पोरांबरोबर राहणारा. मधल्या काळात बाकीच्या एक्केचाळिसांपैकी एकोणतीस जण आम्ही शोधून आणले. एक जण तर सल्ला केंद्राच्या मागच्याच रस्त्यावर राहत होता. दर वर्षी आमच्या पाटीखालून जायचा आणि दर वर्षी त्याला वाटायचं, यंदा इथे काहीतरी होतं आपलं.

पत्राचा मसुदा समितीने करून पाठवला. अडीच पानं. ‘सदर संशोधन प्रकल्पांतर्गत आपल्या पालकांनी पूर्वी दिलेल्या’ अशी सुरुवात. काकूंनी घड्याळ लावून तो वाचला आणि समितीच्या अध्यक्षांना फोन केला. “साहेब, मला सहा मिनिटं लागली. आणि मला आजार नाही.”

चार दिवस मसुदे इकडून तिकडे गेले. अखेर अटी आणि नियम मागच्या बाजूला बारीक अक्षरांत गेले आणि पुढच्या बाजूला एवढंच राहिलं:

‘लहानपणी तुम्ही आमच्याकडे आकड्यांची चाचणी द्यायला यायचात. आठ वर्षांपूर्वी ते थांबलं. तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आता विचारतो आहोत. यावंसं वाटलं तर या, नाही वाटलं तर काहीच करू नका. मंगळवारी अकरा वाजता. तळमजला, निळं दार.’

साध्या पाकिटात, मागे केंद्राचं नाव नाही, कारण खोलीवर आणखी तीन पोरं होती. पाकीट पेटीत टाकताना काकूंनी ते दोनदा आत ढकलून पाहिलं, टपाल खात्यात आयुष्य काढलेलं माणूस.

मंगळवार त्यांच्या शेवटच्या आठवड्यातला होता. निळ्या दाराच्या आत आमची प्रतीक्षा खोली आहे. तिथल्या खुर्च्या जमिनीला बोल्टने बसवलेल्या आहेत, नाहीतर मुलं त्यांची गाडी करतात. घड्याळ मुद्दाम मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. काकू दहा वाजता दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. पाच वाजता मी म्हटलं, “चला.”

“उद्या बसते,” त्या म्हणाल्या.

“काकू, मंगळवार लिहिला होता.”

“म्हणूनच. मंगळवार सोडून कधीही येईल.”

बुधवारी बसल्या. गुरुवारी बसल्या. तिथे बसायला समितीची परवानगी लागत नाही. येणाऱ्या प्रत्येक उंच पोराकडे त्या बघायच्या, तो कोणाचा तरी दादा निघायचा. गुरुवारी दुपारी डॉक्टरीणबाई येऊन दोन मिनिटं शेजारी बसल्या आणि उठून गेल्या. यजमान डबा घेऊन आले. “आता मला कोचावर शोधायला कोणी नाही,” म्हणाले. काकू हसल्या नाहीत. मला मनातून वाटत होतं की आता हा येत नाही. उरलेलं आयुष्य काकूंना तो तळवा दिसत राहणार, असंही वाटत होतं.

शुक्रवारी चार वाजता कर्मचाऱ्यांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. केक आणला होता. काकूंनी तो प्रतीक्षा खोलीतच कापला, खुर्ची न सोडता. पाचला दहा कमी असताना निळं दार उघडलं. खांदे रुंद, शर्टावर पुठ्ठ्याची धूळ, हातात आठ घड्या घातलेला कागद. “मंगळवार होता ना?” त्याने मला विचारलं. “मला वाटलं, अजून मंगळवारच... म्हणजे तसं नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलं.”

“पाच मिनिटंही उशीर नाही झाला,” काकू म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या.

नव्या संमतीपत्रावर त्याने सही केली. नियमाप्रमाणे मुलाखत मी घ्यायची होती, पण काकूंनी आधी दोन मिनिटं मागून घेतली. मी खोलीतच होते. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “तेव्हा नकार तुझ्या बाबांनी दिला. तुझ्या आईने मला थांबायला सांगितलं होतं, मी पाहिलं होतं. तरी मी नकार लिहिला. चूक माझी. त्यामुळे तुमच्याकडे कोणी आलं नाही.”

तो बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

“आई सांगायची, बाई येतील,” तो म्हणाला. “नव्या घरी पण सांगायची. मग बंद केलं तिने सांगायचं.” टोपण काढलं, घातलं. “मला वाटलं, मी नापास झालो.”

“कशात?”

“त्या आकड्यांच्या ह्याच्यात. स्क्रीनवर आकडे यायचे ना, प्रत्येक आकड्याला बटण दाबायचं आणि तीन आला की नाही दाबायचं. शेवटच्या वेळी मी तीनला खूप वेळा दाबलं. थांबताच येईना. बाहेर आल्यावर आईला सांगितलं पण नाही. मग तुम्ही यायचंच बंद झालात. मला वाटलं, एवढ्या चुका करणारी मुलं नको असतील.”

काकू टेबलावर पुढे वाकल्या. म्हणाल्या, “अरे, त्यात नापास होत नाही कोणी. ती परीक्षा नाहीच. सगळेच तीनला दाबतात.”

“हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं कोणीतरी,” तो म्हणाला. रागाने नाही, एखाद्याने गोदामातला माल कुठे ठेवायला हवा होता ते सांगावं तसं.

“हो,” काकू म्हणाल्या. “पाहिजे होतं.” आणि मग त्या रडल्या. तोंड न लपवता, समोर बसून. त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं, मग खिशातला मळका रुमाल काढला, पाहिला, परत ठेवला आणि केकबरोबरच्या कागदी रुमालांचा गठ्ठाच त्यांच्यापुढे सरकवला.

मुलाखतीला दीड तास लागला. शाळा दोनदा सुटलेली, गोदामातलं हे तिसरं काम, आधीच्या दोन ठिकाणी उशिरा येण्यावरून काढलेलं. आई बहिणीकडे, बोलणं होतं, पण आईचा फोन सारखा बंद पडतो. औषध कधी मिळालं नाही, कोणी विचारलंही नाही. अनुपलब्ध त्रेपन्नांतला हा एक. शेवटचं पान आलं. ‘तुम्ही कुठे आहात हे कायम कोणाला माहीत असेल?’

पेन थांबलं. त्याने आईचं नाव लिहायला घेतलं, मग म्हणाला, “तिलाच कधी कधी माहीत नसतं. मी सांगायचं विसरतो.” काकूंकडे वळून म्हणाला, “तुम्ही तर शोधलंतच मला. तुमचं लिहिलं तर?”

“कर्मचाऱ्याचं नाव चालत नाही,” मी म्हटलं. म्हणायलाच हवं होतं. नियम माहीत असलेली तिथे मीच उरले होते.

काकूंनी नाक पुसलं. “मी सोमवारपासून कर्मचारी नाही.”

मी कॅलेंडरकडे पाहिलं. मग त्या ओळीपुढे ‘सोमवारपासून लागू’ असं लिहिलं आणि खाली सही केली. डॉक्टरीणबाईंनी तो फॉर्म पाहिला आणि शिक्का मारला. कार्डावरचा चार काकूंनी स्वतः एका रेघेने खोडला, शेजारी एक लिहिला, तारीख घातली. खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे असा नियम आहे. तो वाचता येतो.

नवे आकडे घातल्यावर दोनतृतीयांशाचे निम्म्याहून थोडे जास्त झाले. शुक्रवारची दुपार बंद झाली नाही, फक्त बुधवारी गेली. एकशे सतरा तिथे कधी येतो, कधी विसरतो.

याला आता तीन वर्षं झाली. अभ्यासाला पुढची मुदत मिळाली आणि काकूंचं काम मी करते. दर वर्षी त्याची वेळ आली की मी काकूंना फोन करते. ‘हां, पत्ताकाकू बोलतेय,’ अजून तसंच. त्या पत्ता सांगतात, नवीन खोलीचा मजला सांगतात, लिफ्ट आहे की नाही ते सांगतात. यंदा तो बरोबर तारखेला आला, फक्त दोन तास आधी. चाचणी दिली, बाहेर आला आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, “नऊ वेळा दाबलं तीनला. मोजले मी.”

“बरं,” मी म्हटलं आणि कार्डावर एक टाकला.

“पुढच्या वर्षी बोलावणार ना?” त्याने हसत विचारलं. पण मी हो म्हणेपर्यंत तो निळ्या दारातून हलला नाही.